मधले नाव आधीच ठरलेले असताना बाळाचे नाव कसे जुळवावे

महाराष्ट्रात मधले नाव निवडावे लागत नाही, ते बाळाच्या जन्माआधीच ठरलेले असते. निवडायचे असते ते त्याच्याशी जुळणारे पहिले नाव. आमच्या घरातल्या सगळ्या भाचरांच्या कानात आत्या म्हणून मीच नाव सांगितले आहे. नावांच्या याद्या देणाऱ्यांचा मला राग येतो तो एवढ्यासाठीच, की ते प्रत्येक नावाचा अर्थ सांगतात, पण त्यापुढे आईवडिलांचे नाव आले की ते कसे ऐकू येईल, हे कुणीच सांगत नाही.

प्रथम पसंतीची चार-पाच नावे काढावीत. अर्थ, नक्षत्राचे अक्षर आणि आजी-आजोबांची इच्छा हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.

मग आईवडिलांची नावे कागदपत्रांवर आहेत तशीच लिहावीत. लग्नात आईचे नाव बदलले असेल, तर आज कागदोपत्री जे आहे तेच धरावे.

खरी अडचण सांध्याची, म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू होते त्या जागेची आहे. माझ्या एका भाच्याचे 'समीर' हे नाव मीच सुचवले. त्याचे वडील रमेश. पाळण्यावर ते नाव फार गोड वाटले. शाळाप्रवेशाच्या वेळी मात्र पूर्ण नाव तोंडी विचारले गेले, घरच्यांनी ते एका दमात सांगितले आणि पटावर 'समी रमेश' असे उतरले. ते दुरुस्त करून घेण्यासाठी माझ्या भावाला जन्मदाखला घेऊन तीन हेलपाटे घालावे लागले. मराठीत शब्दाच्या शेवटचा अकार आपण लिहितो, पण उच्चारत नाही, त्यामुळे 'समीर'चा र पुढच्या र मध्ये मिसळून जातो. 'केतन नरेंद्र', 'अर्णव वसंत', 'मानस सतीश' या जोड्यांचेही तेच होते. स्वरांचेही तसेच आहे. 'आर्या आरती' भराभर म्हटले की 'आर्यारती' होते. शेवटी जोडाक्षर असलेली नावे अशा वेळी उपयोगी पडतात, कारण 'आदित्य' किंवा 'पार्थ' म्हणताना अखेरचा अकार थोडा तरी उरतो आणि 'आदित्य रमेश' स्वच्छ ऐकू येते.

हा सांधा आता दोन ठिकाणी तपासावा लागतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी राज्य शासनाने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम बंधनकारक केला आहे. कागदावर बाळाच्या नावाला आता आईचे नाव लागून येते, पण बोलताना सवयीने वडिलांचेच नाव जोडले जाते, म्हणून दोन्ही जोड्या म्हणून पाहाव्यात. कागदावर वाचून काहीही कळत नाही. ज्याला नाव ठाऊक नाही अशा माणसाला शेजारच्या खोलीत बसवावे, पूर्ण नाव एकदाच, नेहमीच्या वेगाने सांगावे आणि त्याला लिहायला लावावे. त्याने चुकीचे लिहिले, तर ते नाव कितीही आवडलेले असले तरी सोडून द्यावे; 'आपण सावकाश सांगू' या समजुतीवर मुळीच विसंबू नये, कारण पुढे पन्नास वर्षे ते नाव सांगणारे आपण नसतो.

आईवडिलांची नावे लांबलचक असतील, तर बाळाचे नाव दोन-तीन अक्षरी ठेवावे. इंग्रजी आद्याक्षरे एकदा मांडून पाहावीत, तेवढे पुरे.

नाव ठरत नसेल तर रुग्णालयात घाई करू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाविनाही होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखला हाती आला की खिडकीपासून हलण्यापूर्वी चारही नावे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत, अक्षर न् अक्षर वाचून घ्यावीत.