टस्कलूसातलं ब्रायंट म्युझियम: कधी जावं, काय पाहावं

अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे गाजलेले प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांचं म्युझियम अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कलूसा शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात आहे, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी संघाचं वेळापत्रक बघा. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा कॉलेज फुटबॉलचा मोसम. सामना बहुधा शनिवारी असतो, आणि तो घरच्या मैदानावर असला की लाखभर माणसं या छोट्या शहरात उतरतात. रस्ते बंद होतात, हॉटेलांचे दर चढतात, आणि म्युझियममध्ये काचेच्या कपाटांपुढे नीट उभंही राहता येत नाही. नुसतं म्युझियम पाहायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. तिकीट काही डॉलरांचंच आहे. उघडण्याचे वार आणि वेळा मात्र बदलतात, म्हणून निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

सोयीचा विमानतळ बर्मिंगहॅमचा. तिथून गाडीने साधारण ९५ किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. न्यूयॉर्क–न्यू ऑर्लिन्स मार्गावरची 'क्रेसेंट' रेल्वे टस्कलूसाला थांबते, पण प्रत्येक दिशेला दिवसातून एकदाच. त्यामुळे तिच्या भरवशावर त्याच दिवशी परतणं कठीण. अटलांटाहून येणाऱ्यांना घड्याळ चकवतं: अलाबामा एक तास मागे आहे. येताना मिळालेला तो तास परतताना जातो, आणि विमान चुकतं ते तेव्हाच.

जाण्याआधी काही आकडे डोक्यात असू द्या, म्हणजे फलक वाचताना अडखळायला होणार नाही. ब्रायंट यांच्या कारकिर्दीची नोंद तुम्हाला ३२३-८५-१७ अशी दिसेल: विजय, पराभव, बरोबरी, याच क्रमाने. यात मेरीलँड, केंटकी आणि टेक्सस ए अँड एम या विद्यापीठांतली वर्षंही धरली आहेत. अलाबामाचे प्रशिक्षक ते १९५८ ते १९८२ या काळात होते. राष्ट्रीय अजिंक्यपदं सहा: १९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८ आणि १९७९. त्या काळी विजेता अंतिम सामन्यातून नव्हे, तर वेगवेगळ्या संस्थांच्या मतदानातून ठरत असे. म्हणूनच एकाच वर्षी दोन संघ स्वतःला विजेते म्हणवताना दिसतात. १९७८ साली अलाबामाबरोबर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही दावा आहे, आणि दोन्ही खरे आहेत.

आत गर्दी होते ती ब्रायंट यांच्या हाउंडस्टूथ (तुटक चौकडीच्या) नक्षीच्या टोपीच्या स्फटिकातल्या प्रतिकृतीपाशी आणि ब्रायंट यांच्या हुबेहूब उभारलेल्या कार्यालयापाशी. दोन्ही पाहाच, पण सगळा वेळ तिथे घालवू नका. हे म्युझियम आपल्या खेळाडूंसाठी असावं अशी ब्रायंट यांची इच्छा होती. १९८८ मध्ये ते उघडलं तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. इथे १८९२ पासूनच्या संघांचा इतिहास आहे, तेव्हा निदान दीड तास हाताशी ठेवा.

आमच्या मते सर्वांत सावकाश पाहावा तो १९७०-७१ चा काळ. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ असं हरवलं. पाहुण्यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते, अलाबामाकडून मैदानात एकही नव्हता. या एका पराभवाने सगळं बदललं असं सरसकट सांगितलं जातं, ते अपुरं आहे: विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्याआधीच शिष्यवृत्तीवर घेतलं होतं, फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. १९७१ मध्ये जॅक्सन आणि दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू जॉन मिचेल मैदानात उतरले. त्याच वर्षी ब्रायंट यांनी 'विशबोन' ही आक्रमणाची रचना आणली. क्वार्टरबॅकमागे (डावाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूमागे) चेंडू घेऊन धावणारे तीन खेळाडू इंग्रजी 'वाय'च्या आकारात उभे राहतात, आणि चेंडू नेमका कोणाकडे जाणार हे बचावफळीला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. एवढं कळलं की सत्तरच्या दशकातल्या चित्रफिती पाहायला खरी मजा येते.

बाहेर पडल्यावर पॉल डब्ल्यू. ब्रायंट ड्राइव्हने पश्चिमेकडे पंधरा-वीस मिनिटं चाला, ब्रायंट-डेनी स्टेडियम येतं. अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकांचे पुतळे उत्तरेच्या बाजूला आहेत, म्हणजे वळसा घालून जावं लागतं. पुतळे उघड्यावर आहेत, त्यासाठी तिकीट नाही. सामन्यालाच जाणार असाल तर पाठीवरची सॅक हॉटेलवर किंवा गाडीत ठेवा: स्टेडियममध्ये ठरावीक मापाची पारदर्शक पिशवीच चालते.