बेसवाल्यांनी सात-आठ तारांची गिटार घेताना

बेस गिटार वाजवणाऱ्याच्या हातात सात किंवा आठ तारांची गिटार दिली की अंगठा आधी जातो तो सगळ्यात जाड तारेकडे. साहजिक आहे, पण त्या तारेपायी गिटार घेऊ नका असं मी ठामपणे सांगेन. खर्ज आपल्याकडे आहेच. आठ तारांच्या गिटारची सगळ्यात खालची तार एफ शार्पला, म्हणजे सुमारे ४६ हर्ट्झला लावतात. आपल्या बेसची ई आहे ४१ हर्ट्झची. एवढा खर्च करून जो सूर मिळतो, तो बेसच्या ई तारेवर दुसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) बसलेलाच आहे. आपल्याला जे येत नाही ते वरच्या तारांवर आहे: कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कॉर्डच्या पोटातले सूर, आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना कोणता सूर जागेवर राहतो नि कोणता सरकतो ते. गिटार निवडायची ती हे शिकायला.

म्हणून पाच तारांचा बेस वाजवत असाल तर सरळ सात तारांची घ्या. बेसच्या तारा बी, ई, ए, डी, जी. सात तारांच्या गिटारच्या बी, ई, ए, डी, जी, बी, ई. पहिल्या पाच तुमच्या ओळखीच्याच, फक्त एक सप्तक वर. चार तारांवर हात बसलेल्यांनीही सातच घ्यावी. आठ तारांची तेव्हा घ्या, जेव्हा एकट्याने बेस आणि कॉर्ड दोन्ही सांभाळायचं मनात असेल. अमेरिकन वादक चार्ली हंटर यांनी ते करून दाखवलंय. गिटार बनवणारे राल्फ नोव्हाक यांनी त्यांच्यासाठी बनवलेल्या गिटारवर तीन तारा बेसच्या, पाच गिटारच्या, आणि दोन्हींचे आवाज वेगवेगळ्या अँपना. तो रियाजच निराळा.

दुकानात गेल्यावर कंपनी नंतर बघा, आधी स्केल विचारा. नट (मानेच्या टोकाची खाच) ते ब्रिज (तारा धडावर टेकतात ती जागा) तारेची लांबी बेसवर साधारण ३४ इंच असते, नेहमीच्या गिटारवर २५.५. सात तारांसाठी मला २६.५ इंच पसंत आहे: खालची बी ढिली पडत नाही आणि वरची ई ओढून वाजवताना बोटंही दुखत नाहीत. आठ तारांची घ्यायचीच असेल तर २७ च्या खाली जाऊ नका. मल्टिस्केल गिटारवर खालच्या तारा लांब, वरच्या आखूड आणि फ्रेट तिरके असतात. त्याचं पेटंट १९८९ सालचं, तेही नोव्हाक यांचंच. दिसायला विचित्र, पण बेसवाल्याचा हात त्यावर पटकन रुळतो.

जागेची अडचण मात्र येते. बेसच्या ब्रिजवर दोन तारांमध्ये १९ मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, गिटारवर जेमतेम साडेदहा. उजव्या हाताची दोन बोटं आलटून पालटून मारायची सवय इथे अडखळते, म्हणून पहिल्या दिवसापासून पिक धरा. मानेची रुंदी नटपाशी सात तारांना ४८ मिलिमीटरच्या आसपास, आठांना ५५. अंगठा मानेमागे मधोमध ठेवायची शिस्त आपल्याला असतेच. ती इथे कामी येते.

मुंबईत धोबीतलावला जेर महालमधल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाणार असाल तर आधी फोन करून सात तारांच्या कोणत्या गिटार ठेवल्या आहेत ते विचारून घ्या. गिटार हातात आली की डिस्टॉर्शन लावू नका, आवाज साफ ठेवा आणि ट्यूनर लावा. खालची बी आधी बेसच्या जोराने मारा. ट्यूनरचा काटा वर उडेल आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिरावेल. आता तीच तार हलकेच छेडा. काटा लगेच जागेवर बसेल. मग तिसऱ्या फ्रेटवर बेससारखं बोट दाबा: सूर चढलेला दिसेल. यात गिटारचा दोष नाही. त्या तारेवरचा ताण बेसच्या ई तारेच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे जास्तीचा जोर सगळा सुरावर जातो. हलका हात ठेवूनही काटा फार हलत असेल, तर मग गिटार किंवा तारांचा सेट बदलून मागा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळतात का तेही बघा. जुळत नसतील तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे सरकवायला जागा उरलीय ना याची खात्री करा.

पैसे संपवून बसू नका. नीट सेटअप आणि तारांचे दोन जादा सेट यांसाठी बाजूला काढून ठेवा. सात तारांना १० ते ५९ किंवा १० ते ६२ गेज (तारांची जाडी) चालतं.

अँपबद्दल बेसवाल्यांचा एक गैरसमज असतो की मोठा स्पीकर म्हणजे मोठा आवाज. गिटारच्या कॅबिनेटमध्ये सर्रास दिसणारा सेलेशनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर ७० ते ५००० हर्ट्झसाठी बनवलेला आहे. सात तारांची खालची बी ६२ हर्ट्झची, म्हणजे मूळ सूर त्यातून पुरता बाहेर पडतच नाही. १२३, १८५ असे वरचे पट ऐकून आपला कान तो भरून काढतो. म्हणून बेसचा नॉब वाढवून उपयोग नाही, आवाजाचा फक्त चिखल होतो. उलट ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह पेडल आधी लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. तो खालचा भाग कापतो आणि तार लख्ख ऐकू येते. बेसच्या अँपमध्ये साफ आवाज छान लागतो, डिस्टॉर्शन मात्र किरकिरतं. मी परळला चाळीत राहते, भिंतीपलीकडे माणसं झोपलेली असतात, त्यामुळे ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि न्यूरल अँप मॉडेलर हे फुकटचं सॉफ्टवेअर यांवरच माझं भागतं. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग नीट असलेलाच वापरा, नाहीतर गुणगुण थांबत नाही.

पावसाळ्यात मानेवर लक्ष ठेवा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकत्र दाबून आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. फट वाढली असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेतली वाक सुधारणारी सळई, पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. बॅगेत सिलिका जेल, आणि वाजवून झाल्यावर तारा पुसणं.

आता शिकणं. गिटारवर जी आणि बी यांच्यात जी, ए, बी असं तीनच सुरांचं अंतर आहे, म्हणजे चार फ्रेटचं, बाकी सगळीकडे पाच. बेसवर मधली एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे गेलं की वरचं सप्तक मिळतं. डी तारेवरून बी तारेवर जाताना तेच तीन फ्रेट होतं. ही एक ओलांडणी रोज, गोंधळ न होईपर्यंत.

मग हे वाजवा. जाड ई, डी आणि जी या तीन तारांवर पाचवा फ्रेट: ए मायनर सेव्हन. आता खालचा सूर ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर न्या, डी तारेवरचं बोट चौथ्यावर आणा, जी तार तशीच: डी सेव्हन. बेसची चाल तुम्हाला आयुष्यभर ठाऊक होती, तिच्या वर एकच बोट एकच फ्रेट सरकलं आणि कॉर्ड बदलली. गणपतीत ऑर्केस्ट्रामध्ये बेस धरून मी ही चाल असंख्य वेळा वाजवलीय, पण वर काय घडतं ते हातानं कळलं तेव्हा मी तासभर तेच वाजवत बसले. याच जागा आधी सगळ्या पट्ट्यांत बसवा, मग वरच्या बी आणि ई तारा जोडा.

न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं हे अर्धं काम आहे. उजव्या तळव्याची कड खालच्या तारांवर, डाव्या तर्जनीचं टोक शेजारच्या तारेला टेकलेलं. रेकॉर्डिंगच्या वेळी नटपाशी केसांचं जाड रबर गुंडाळलं की मोकळ्या तारांचा घुमारा बंद. स्लॅप, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवणं, येत असेल तर तो सोडू नका. गिटारवादक टोसिन अबासी आठ तारांवर अंगठ्याने जे करतात त्याचं मूळ बेसच्या स्लॅपमध्येच आहे.

जॅम पॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, दुसरा बेसवाला असेल तर आधीच ठरवून घ्या. तुम्ही खालच्या बी वर रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून, वाजवत असाल तेव्हा त्याने एक सप्तक खाली, ३१ हर्ट्झवर राहावं. तुम्ही आठ तारांच्या एफ शार्पवर असाल तर त्याच्या खालचं सप्तक २३ हर्ट्झवर जातं, ते जवळपास ऐकूच येत नाही, मग त्याने तुमच्याच सुरात वाजवावं. आणि गिटारच्या अँपवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथली जागा त्याची आहे.