फॅन गेम करताय? आधी हक्क बघा, मग चित्रं काढा

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात, आमच्या फोंड्यात नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे उभे असतात. माझा पहिला फॅन गेम, म्हणजे दुसऱ्याच्या गेमवरून चाहत्याने केलेला गेम, त्याच रात्रीवर होता. गल्ल्या आमच्या, नरकासुर आमचा, पण धावणारा नायक एका परदेशी कंपनीचा आणि संगीतही तिचंच. फुकट देत होतो, म्हणून निर्धास्त होतो. अकराव्या दिवशी नोटीस आली, गेम साइटवरून उतरला. आठ महिन्यांची जागरणं त्यात गेली होती.

पैसे घेतले नाहीत किंवा 'मूळ श्रेय अमुक कंपनीचं' असं लिहिलं, तरी सुटका होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ कृतीवरून नवी कृती बेतण्याचा हक्कसुद्धा मालकाचाच. कलम ५२ मध्ये खासगी वापराला, अभ्यासाला सवलत आहे. पण ती कॉम्प्युटर प्रोग्रॅमला लागू नाही, आणि गेम लोकांना वाटला की तो खासगी राहत नाही. निंटेंडो कंपनीच्या पोकेमॉन गेमवरून 'पोकेमॉन युरेनियम' चाहत्यांनी नऊ वर्षं खपून केला, फुकट दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास डाउनलोड झाले आणि निंटेंडोच्या वकिलांच्या नोटिसांनंतर करणाऱ्यांना तो काढून घ्यावा लागला.

म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी वहीत यादी करा: नाव, पात्रं, चित्रं, संगीत, कोड. प्रत्येकापुढे मालक लिहा. उडी मारणं, नाणी गोळा करणं, वेळ संपायच्या आत पोचणं या खेळाच्या कल्पना कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या खुशाल घ्या. मूळ गेममधून काढलेली चित्रं आणि आवाज मात्र अजिबात नकोत. नाव आणि चिन्हाला ट्रेडमार्कचा वेगळा कायदा लागतो, तेव्हा शीर्षकात मूळ गेमचं नाव घालू नका.

कंपनीने चाहत्यांसाठी नियम दिलेत का, ते तिच्या साइटवर बघा. नसतील तर ईमेल पाठवा. उत्तर आलं नाही, तर त्याला होकार समजू नका. सगळ्याच कंपन्या दार लावत नाहीत; सोनिक गेमच्या मालक सेगा कंपनीने २०१७ चा आपला 'सोनिक मेनिया' फॅन गेममधून पुढे आलेल्या मंडळींकडूनच करून घेतला.

संगीतात तर आपली माणसं हमखास फसतात. आरती परंपरेची असली, तरी कॅसेटमधली किंवा यूट्यूबवरची तिची ध्वनिफीत कुणाच्या तरी मालकीची असते. आणि आपण स्वतः रेकॉर्ड केलं, तरी वाजवणाऱ्याचा, गाणाऱ्याचा हक्क राहतोच. त्यांची सही घ्या.

नोटीस आलीच तर वाद न घालता गेम उतरवा, पण स्वतः काढलेलं सगळं जपून ठेवा. माझ्या गल्ल्या आणि नरकासुर असेच वाचले. आता त्या गल्ल्यांतून कागदाचा लगदा लागलेल्या हातांनी नरकासुराचा तुटलेला हात ओढत एक पोरगा धावतो. संगीतासाठी घुमट हे मातीचं वाद्य वाड्यावरच्या दोघा काकांनी देवळाच्या मंडपात वाजवलं. सहीचा कागद पुढे केला तेव्हा थोरले काका म्हणाले, "अरे बाबा, आजवर कुणी विचारलं नव्हतं." तो कागद गेमच्या फाइलींसोबत ठेवलाय.