उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून काय करावे

पेडल दाबलं की पॅड फिरत्या डिस्कला घासतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. वेग दुप्पट असेल तर उष्णता चौपट, ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतरही साधारण चौपट. ब्रेकची काळजी म्हणजे ही उष्णता आवाक्यात ठेवणं.

निघण्याआधी

इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला इंजिनच्या मदतीने बळ देणारा भाग, काम करतोय. पेडल मऊ, स्पंजसारखं लागलं तर ब्रेक ऑइलमध्ये हवा असू शकते; दाबून ठेवल्यावर हळूहळू खचत गेलं तर कुठेतरी गळती असण्याची शक्यता आहे. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका.

उतार सुरू होण्याआधी

गिअर आधीच खालचा टाका, वेग वाढल्यावर नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि इंजिन बंद केलं तर बूस्टरची मदतही एक-दोन दाबांत संपते.

उतरताना

ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग पुरेसा उतरला की पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. सतत हलका ब्रेक लावणं सौम्य वाटतं खरं, पण त्यात पॅडना निवायला वेळच मिळत नाही. जळका वास आला किंवा नेहमीपेक्षा जोरात दाबावं लागलं तर सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास तरी जाऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकू शकते, तडकूही शकते.

अचानक थांबायची वेळ आली आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर पूर्ण जोराने दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरतं, त्याला घाबरून पाय काढू नका. एबीएस नसेल आणि चाकं घसरू लागली, तर क्षणभर सोडून पुन्हा दाबा.

पेडल तळाला गेलं तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात.

देखभाल

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत वेगळं काही दिलं नसेल तर दर २ वर्षांनी ते बदला.

पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की नवे पॅड बसवा. ब्रेक लावताना किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला तर पॅड आधी तपासा. खरखर ऐकू येईपर्यंत थांबलात तर धातू धातूला घासून डिस्कही जाते.

डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण सुटलाय का ते बघा. सुटलेला असेल तर गाडी पुढे नेऊ नका. पॅड झिजले की ऑइलची पातळी उतरते, गळतीनेही उतरते. त्यामुळे मेकॅनिकला आधी पॅड आणि नळ्या पाहायला सांगा, ऑइल त्यानंतर भरा.