जुनी चूल काढून नवी बसवायची असेल तर

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडे गॅस घरोघरी पोचलाय, पण भाकरी, अंघोळीचं पाणी आणि चार पाहुणे आले की लागणारं मोठं पातेलं हे अजून चुलीवरच, कारण टाकी भरायला पैसे लागतात आणि सरपण फुकट (फुकट म्हणजे घरातली कुणीतरी मोळी डोक्यावर आणते म्हणून फुकट). तर चूल राहणारच असेल तर निदान बरी बसवा.

आधी ठरवा, त्रास नेमका कशाचा आहे, सरपणाचा की धुराचा? लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच फसतात. बाजारात मिळणारी पत्र्याची, उचलून ठेवता येणारी चूल सरपण वाचवते, धूरही कमी करते, पण जो होतो तो घरातच राहतो. धुराडं असलेली चूल धूर बाहेर नेते, पण बांधणी चुकली तर धगही त्याच्यासोबत वर जाते आणि लाकूड उलट जास्त लागतं. १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुली गावोगाव बसवल्या, त्यातल्या कित्येक बंद पडल्या त्या धुराडं काजळीने तुंबलं आणि कुणी साफ केलं नाही म्हणून.

स्वयंपाक घरात होत असेल तर माझं मत सरळ आहे, धुराडंवाली दोन तोंडांची चूल घ्या. पडवीत किंवा अंगणात होत असेल तर पत्र्याची चालेल. ती घेताना आयएस १३१५२ (अशा चुलींचं भारतीय मानक) हा मार्क बघा. पंखा नसलेल्या चुलीला त्यात किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता (म्हणजे लाकडाच्या धगीतला भांड्याला लागणारा वाटा) लागते, आपली तीन दगडांची चूल साधारण १० च्या आसपास असते. एक मात्र आहे, या छोट्या चुलीची आच मधोमध लागते, त्यामुळे भाकरी मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. जाड लोखंडी तवा वापरा. आणि बाजरीची भाकरी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवायची सवय असेल तर इथे तेवढी जागाच नसते, जाळी ठेवावी लागते. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

घरात तांब्याचा बंब असेल तर त्याला हात लावू नका, मधून नळी गेल्यामुळे पाणी आतून तापतं, ती रचना चांगलीच आहे.

जुनी चूल फोडायच्या आधी एक काम करा. लाकडं वजन करून घ्या, ठरावीक पातेल्यात ठरावीक पाणी उकळा, उरलेली लाकडं परत मोजा आणि आकडा लिहून ठेवा. नवीवर तेच पातेलं, तेवढंच पाणी, तसंच लाकूड, मग विकणारा काय म्हणतो ते ऐकायची गरजच नाही. फोडल्यावर भाजलेली माती टाकून देऊ नका, कुटून नव्या मातीत मिसळली की तडे कमी जातात.

बांधताना लाकूड जमिनीवर नको, लोखंडी जाळीवर हवं, खालून हवा मिळाली की जाळ स्वच्छ होतो. आतून विटा लावा आणि बाहेरच्या भिंतीमध्ये जी फट राहते तिच्यात राख भरा, नुसती जाड माती धग पिऊन टाकते. वैल (चुलीचं दुसरं तोंड) धुराड्याच्या अलीकडेच हवा, म्हणजे निघून जाणारी आच दुसऱ्या भांड्याला मिळते. पण वैलावर भांडं नसेल तर झाकण ठेवाच, नाहीतर धूर तिथूनच घरात. लिंपण सावलीत पूर्ण वाळू द्या, मग सुरुवातीला बारीक जाळ करा.

धुराड्याला साधारण ४ इंची पत्र्याचा पाइप घ्या, पीव्हीसी अजिबात नको, वितळतो. सिमेंटचा जुना पाइप कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि धूळ छातीत जाते. पाइप सरळ वर, छपराच्या दोन-तीन फूट वर, लाकडी वाशापासून लांब आणि वर टोपी, कारण इकडचा पाऊस सोडत नाही, अख्खं पाणी चुलीत उतरतं.

सरपणाचं म्हणाल तर निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या खरड छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या अशा चुलीला एकदम जमतात, बारीक आणि सरळ. प्लास्टिकचे दोरे काढून टाका, मे महिन्यात कडक उन्हात वाळवा आणि पावसाआधी छपराखाली घ्या. ओल्या लाकडावर कुठलीच चूल नीट चालत नाही, कितीही महाग असो. थंडीत मात्र पत्र्याची चूल पेटवून खोलीत घेऊ नका, दार-खिडक्या लावून तर मुळीच नाही, विषारी वायूला वास नसतो.

धुराडं महिन्यातून एकदा काठीला पोतं बांधून घासा, आणि टोपी काढून आत बघा, तिथे पाखरं घरटं करतात.