लॅपटॉप झोपला तो उठलाच नाही: लिनक्स सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सपोर्टच्या कामात "झाकण लावलं, उघडलं, तर स्क्रीन काळीच" ही तक्रार तुमच्या वाट्याला येणारच. सुरुवातीच्या काळात या एका तक्रारीने माझा जेवढा घाम काढला, तेवढा सर्व्हरच्या कामानेही काढला नाही. टर्मिनल आणि लॉग तुम्हाला नवे नाहीत असं धरून लिहिते आहे.

मशीन कोणत्या प्रकारची झोप घेतंय ते आधी बघा. /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचली की चौकटी कंसात सध्याचा प्रकार दिसतो. 'डीप' म्हणजे जुनी एस-३ झोप, रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज बंद. 'एस२आयडल'मध्ये सीपीयू नुसता निवांत पडून राहतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये 'डीप' नसतोच, तिथे तो जबरदस्तीने आणायला जाऊ नका. बॅगेत मशीन तापणं, सकाळी बॅटरी उतरलेली असणं, ही वेगळी तक्रार आहे. ती न उठण्याच्या तक्रारीत मिसळू नका.

आता ज्यात मी कितीतरी दिवस अडकून पडले होते ते. मशीन उठत नाही, म्हणून पॉवर बटण दाबून ठेवायचं, पुन्हा चालू करायचं आणि जर्नलसीटीएलने मागच्या बूटचा लॉग काढायचा. शेवटी दिसतं 'पीएम: सस्पेंड एंट्री', म्हणजे झोपेची सुरुवात. वाचणाऱ्याला वाटतं, झोपायला जातानाच अडकलं. मग झाकणाची सेटिंग, लॉगइनडीची (झाकण, पॉवर बटण यांवर काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेची) कॉन्फिग, डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर, सगळं उचकून होतं. पण ती ओळ बिघाडाची जागा सांगतच नाही! कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी सिंक करतो (मेमरीतला न लिहिलेला डेटा डिस्कवर उतरवतो) आणि लगेच सगळ्या यूजर प्रोसेस गोठवतो. लॉग लिहिणारी सेवा जर्नलडी, हीसुद्धा यूजर प्रोसेसच. ती गोठली की लॉग डिस्कवर लिहिणारंच कुणी उरत नाही. पुढचे संदेश कर्नलच्या बफरमध्ये, म्हणजे रॅममध्ये, साठत राहतात. मशीन नीट उठलं तर जर्नलडी जागी होऊन ते एकदम उतरवून घेते. चांगल्या मशीनचा लॉग उघडून बघा, झोपतानाच्या ओळींवरही उठल्यानंतरची वेळ पडलेली असते. मशीन उठलंच नाही आणि तुम्ही वीज तोडली, तर तो सगळा मजकूर गेला. झोपताना अडकू दे नाहीतर उठताना, लॉग तिथेच तुटतो. शेवटची ओळ बघून निदान करू नका. कुणी सीनियर तसं करून दाखवत असेल तरीही नाही.

मग करायचं काय? मशीन काळं असताना कॅप्स लॉक दाबा. दिवा बदलतोय, तर बहुधा कर्नल जिवंत आहे आणि ग्राफिक्सच परत आलेलं नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरा आणि डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) जसाच्या तसा वाचा. दिवा ढिम्म असेल तर पीएम_टेस्ट. त्याच पॉवर फोल्डरमधल्या या फाइलीत क्रमाने फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर लिहायचं आणि प्रत्येक वेळी मशीन झोपवायचं. कर्नल त्या पायरीपर्यंतच जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. डिव्हायसेसवर अडकलं तर दोष ड्रायव्हरचा: निम्मी मॉड्यूल (कर्नलमध्ये वेगळे भरलेले ड्रायव्हर) काढून बघा, मग उरलेल्यांतली निम्मी. 'डीप'मध्ये कोअरपर्यंत सगळं पार पडूनही खरी झोप फसत असेल तर बायोसवर संशय घ्या आणि त्याचं अपडेट शोधा.

तरीही हाती काही लागलं नाही, तर पीएम_ट्रेस. हे लायनस टॉरवल्ड्सने २००६ मध्ये लिहिलं, आणि यातली युक्ती मला आजही थक्क करते. बूट होऊनही टिकणारी भरवशाची जागा एकच, मदरबोर्डवरचं घड्याळ. म्हणून कर्नल कुठवर पोचला त्याची खूण तारीख-वेळेच्या आकड्यांतच दडवतो, जेमतेम २४ बिट. घड्याळ चालतच राहतं, त्यामुळे अडकल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा बूट करा आणि डीमेसेजमध्ये 'मॅजिक नंबर' आणि 'हॅश मॅचेस' शोधा. तारीख भलतीच झालेली दिसेल. घाबरू नका, नंतर नीट करता येते. जुळलेलं नाव मात्र संशयित समजा, कधीकधी एकाहून जास्त नावं जुळतात.

"नोमोडसेट टाक", "डिस्ट्रो बदल" असले सल्ले मला अजिबात पटत नाहीत. नोमोडसेट या बूट पॅरामीटरने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच चालू होत नाही, मग स्क्रीन परत आणणार कोण? आणि चार पॅरामीटर एकदम टाकून चाललं, तर कशामुळे चाललं ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल करा. चांगला सीनियर पहिल्यांदा "कुठली झोप?" असं विचारतो, असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

दर वेळी बटण दाबून बंद करावं लागतं म्हणून धास्ती घेऊ नका. झोपण्याआधी सिंक झालेलं असतं, त्यामुळे फाइल सिस्टिम सहसा वाचते. सेव्ह न केलेलं काम मात्र जातंच, म्हणून ग्राहकाच्या मशीनवर सगळं बंद करूनच चाचणी घ्या. आरटीसीवेक या आज्ञेला ३० सेकंदांनी उठवायला सांगितलं की झाकण उघड-मीट करत बसावं लागत नाही.

बग नोंदवताना कर्नल आणि बायोसची आवृत्ती, झोपेचा प्रकार आणि पीएम_टेस्टची कोणती पायरी पार पडली ते लिहा. आधीच्या कर्नलवर चालत होतं का, तेही तपासा. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना दिसणाऱ्या, मेनूत जुना कर्नल बहुधा शिल्लक असतो.