दहीहंडी, डीजे, ढोलताशानंतर कानात दडे बसलेत? पहिले दोन दिवस काय करायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

दहीहंडी झाली की दुसऱ्या दिवशी ठाण्यात जो भेटेल तो हेच सांगतो, कानात दडे बसलेत, कान भरल्यासारखा वाटतोय, आपलाच आवाज आत घुमतोय आणि समोरचा बोलतो ते गोधडीतून आल्यासारखं येतंय. टेंभी नाका, जांभळी नाका, वर्तकनगर, तिकडे वाशी-नेरूळच्या विसर्जन मिरवणुका, डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कॉन्सर्ट, सगळीकडून लोक कान घेऊन असेच घरी येतात. मी ढोलताशा पथकात वाजवतो, डॉक्टर नाही, पण पथकातल्या नवीन पोरापोरींना ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) लोकांकडून ऐकलेलं, नीट तपासून घेतलेलं दरवर्षी तोंडी सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी घाईचं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं किंवा खूपच कमी झालं, फोन त्या कानाला लावला तर पलीकडचं काही कळत नाही, गरगरतंय, तोल जातोय, कानातून रक्त किंवा पाणी येतंय, सुतळी बॉम्ब जवळ फुटल्यावर कानात जोराची कळ आली, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी ईएनटी गाठा. रविवार आहे, गणपतीची सुट्टी आहे म्हणून थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन सरळ सांगा की काल रात्रीपासून या कानाने ऐकू येत नाहीये. तीन दिवसांच्या आत अचानक ऐकू कमी होतं त्याला डॉक्टर बहुतेक वेळा स्टेरॉईड देतात आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत तरी सुरू व्हायलाच हवं असं धरतात, नंतर ऐकू परत येण्याची शक्यता घटत जाते. डायबेटीस असेल तर ते आधी सांगा कारण स्टेरॉईडने शुगर वाढते, आणि मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. सोबत तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर कानाचा विचार सोडा आणि १०८ ला फोन करा.

आता बाकीच्यांचं, म्हणजे ऐकू येतंय पण दबल्यासारखं, बारीक शिट्टी वाजतेय आणि दडा सुटत नाहीये.

बोरघाट चढताना कान बंद होतात ना, तसंच हे वाटतं पण ते हे नाही. घाटात पडद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात फरक पडतो, थुंकी गिळली किंवा जांभई दिली की नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि पट्कन मोकळं होतं. मोठ्या आवाजानंतर बहुतेकांच्या बाबतीत हवेचा दाब ठीकच असतो, मार बसलेला असतो तो त्याच्याही आत, कॉक्लियामध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात. तिथे आवाज पकडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात सगळ्या मिळून साधारण पंधरा हजार, आणि तासन् तास ताशा किंवा डीजेचा मारा झाला की त्या थकतात, त्यांच्या आणि नसेच्या जोडावरही ताण येतो. ऐकण्याची पातळी तात्पुरती खाली जाते आणि मेंदूला ते कान भरल्यासारखं जाणवतं. जोडीला मधल्या कानात दोन अगदी चिमुकले स्नायू असतात जे मोठ्या आवाजाला आखडतात, ते काहींचे नंतरही ताठून राहतात, मग दडा, फडफड, कानाच्या आत टोचल्यासारखं असं सगळं चालू होतं.

म्हणूनच नाक दाबून जोरात हवा फुंकून कान उघडायचा प्रयत्न परत परत करू नका. जिथे दाबाचा प्रॉब्लेमच नाही तिथे दाब देऊन काय होणार, उलट पडद्याला बारीक भोक पडलेलं असेल तर ते वाढू शकतं. हेच कोमट तेलाचं. लसूण टाकून गरम केलेलं तेल कानात सोडणं आपल्याकडे घरोघरी चालतं, आजी प्रेमाने करते मान्य, पण पडदा फाटलाय की नाही हे माहीत नसताना कानात तेल, पाणी, हायड्रोजन पेरॉक्साईड काहीच घालायचं नाही. बड घालून कोरायचं नाही, स्टेशनबाहेरच्या कान साफ करणाऱ्याकडे तर अजिबात जायचं नाही. आणि नाकात मारायचे सर्दीचे स्प्रे, ते खरंच सर्दीने नाक चोंदलं असेल तरच आणि तेही दोन-तीन दिवसांच्या वर नको.

मात्र एक गोष्ट तपासून बघण्यासारखी आहे. दहीहंडीला डोक्यावर पाण्याचे फवारे असतात, गणपतीत धो धो पावसात मिरवणूक निघते, कानात पाणी गेलं की आतला जुना मळ फुगतो आणि कान खरोखरच बंद होतो. म्हणजे दडा आवाजाने बसलाय की मळाने हा गोंधळ होतो. यासाठी घरी करता येईल अशी एक सोपी टेस्ट आहे. शांत खोलीत बसा, तोंड बंद करा आणि खालच्या पट्टीत म्ऽऽऽ असा हुंकार धरा, चार-पाच सेकंद, आणि तो आवाज कुठल्या कानात जास्त येतोय ते बघा. दडा बसलेल्या कानात जास्त घुमत असेल तर बहुतेक मळ, पाणी किंवा सर्दी असा वाटेतला अडथळा असतो. अडथळ्याने आवाज कसा घुमतो ते बघायचं असेल तर चांगल्या कानात बोट घालून हुंकार द्या, लगेच त्या बाजूला आवाज मोठा होईल. उलट हुंकार चांगल्या कानाकडेच जात असेल आणि दडा बसलेल्या कानात कमी येत असेल तर मार आतल्या कानाला बसलाय असं समजा आणि ईएनटीकडे जायला उशीर करू नका. दोन्ही कान सारखेच बसले असतील तर ही टेस्ट काही सांगत नाही. डॉक्टर हेच काम ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून करतात.

पहिल्या दोन दिवसांत कानाला खरं हवं असतं ते फक्त आराम. साधारणपणे असा तात्पुरता दबलेपणा १६ ते ४८ तासांत उतरतो, काहींना जरा जास्त लागतात. या काळात हेडफोन-इअरबड्स बंद, सरावाला दांडी, जिममधलं मोठं म्युझिक नको, मिक्सर लावायचा असेल तर दुसऱ्याला सांगा, घोडबंदर रोडने बाईकवर जायचंच असेल तर हेल्मेटच्या आत प्लग घाला. कान किती सुधारला ते बघायला टीव्हीचा आवाज वाढवून बघणारे पण असतात, तसं नका करू.

पण आराम म्हणजे पूर्ण सन्नाटा पण नाही हे नीट लक्षात घ्या. घाबरून घरात दिवसभर इअरप्लग घालून बसणारे लोक मी बघितलेत, त्याने कान अजून हळवे होतात, मग ताट-वाटीचा आवाज पण सहन होत नाही. घरातलं बोलणं, भांडी, पंखा, हे नेहमीचे आवाज चालू द्या. रात्री शिट्टी जास्त ऐकू येते कारण बाकी सगळं शांत असतं, तेव्हा पंखा जरा मोठा ठेवा किंवा खिडकीतून पावसाचा आवाज येऊ द्या. झोप पूर्ण घ्या. ॲस्पिरिनसारखी गोळी डॉक्टरांनी हार्टसाठी दिली असेल तर बंद करू नका, पण अंग दुखतंय म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन भरपूर घेऊ नका, मोठ्या डोसने कानात आवाज वाढतो.

अंघोळीच्या वेळी पडद्याची शंका असेल तर कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, आत ढकलू नका. नाक शिंकरताना कानातून हवा सुटल्यासारखी फुस्स झाली तर पडद्याला भोक असण्याची शक्यता बरीच. छोटी भोकं बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतात, कान कोरडा राहिला पाहिजे एवढंच, पण डॉक्टरांनी आत बघून घेतलंच पाहिजे.

दोन दिवस झाले तरी दडा तसाच आहे किंवा शिट्टी कमी होत नाहीये, तर मग जाऊन तपासा, आठवडाभर वाट बघण्यात काही अर्थ नाही. फॅमिली डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी नुसतं सर्दी आहे म्हणून गोळ्या दिल्या तर नम्रपणे विचारा की डॉक्टर, मोठ्या आवाजानंतर झालंय, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घेऊ का. आवाज कधी, किती वेळ आणि किती जवळून होता, कुठल्या कानाला जास्त, चक्कर आली का, हे मोबाईलमध्ये लिहून न्या. ईएनटी आधी कानात बघतात, मग ऑडिओलॉजिस्ट साउंडप्रूफ खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक टू-टू वाजवतो आणि ऐकू आलं की बटण दाबायचं, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. आवाजाचा मार असेल तर ग्राफ बहुतेक ४००० च्या आसपास खड्डा पडल्यासारखा खाली जातो. टिम्पॅनोमेट्री नावाची दुसरी टेस्ट असते, त्यात मधल्या कानातला दाब मोजतात, म्हणजे दडा खरंच दाबाचा आहे का याचा निकाल तिथेच लागतो. दोन्ही टेस्ट दुखत नाहीत.

खर्चाची काळजी असेल तर ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका हॉस्पिटल आहे, आणि खास कानाच्या टेस्टसाठी बांद्रा रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं. रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच, आवाजाने येणारा बहिरेपणा हा व्यावसायिक आजार धरला जातो, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथे दाखवा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

आता एक त्रासदायक प्रकार, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दडा मात्र महिनाभर जात नाही. लोकांना वाटतं डॉक्टरला काही सापडत नाहीये किंवा घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नाहीत हो. एकतर नेहमीची ऑडिओमेट्री सगळंच पकडत नाही, २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी पेशी आणि नसेमधले बरेच जोड कायमचे गेलेले असू शकतात. दुसरं म्हणजे ते मधल्या कानातले स्नायू, ते टेन्शनने, दात आवळून झोपल्याने, सतत कानाकडे लक्ष देत राहिल्याने सुटत नाहीत. इथे जबड्याला आराम देऊन बरेच जणांना फरक पडतो, दोन आठवडे चिवट खाणं आणि च्युइंगम बंद, कानाच्या पुढे जबड्याच्या सांध्यावर दहा मिनिटं कोमट शेक, दात एकमेकांना न टेकवता ओठ मिटलेले ठेवायची सवय, मान-खांदे मोकळे करणं. आणि दर तासाला कान उघडला का हे बघणं थांबवायचं, हे सगळ्यात अवघड आहे पण करा. तरी राहिलं तर ऑडिओलॉजिस्टकडे साउंड थेरपी असते, ती विचारा.

परत सराव कधी सुरू करायचा हे आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारलं जातं. दडा आणि शिट्टी पूर्ण गेल्यावर, आणि तेही प्लग घालूनच. ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ कधीच ओलांडलाय. ताशाच्या रांगेत आणि टोलजवळ (पथकात ठोकून वाजवतात ती धातूची थाळी) उभे राहणाऱ्यांचे कान सगळ्यात आधी जातात, कारण आवाज चिरका आणि डोक्याच्या अगदी जवळ, म्हणून सरावात दर थोड्या वेळाने जागा बदलत जा, एकच पोरगं रोज टोलशेजारी नको. डीजेच्या भिंतीसमोर नाचायचं तर निदान अंतर ठेवून, आणि लहान बाळाला खांद्यावर घेऊन स्पीकरजवळ उभं राहणाऱ्या आईबाबांना हात जोडून मागे घ्या.

कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही, त्यातून आवाज आरपार जातो. फोमचे प्लग घ्या, मेडिकलमध्ये किंवा सेफ्टीचं सामान मिळतं तिथे मिळतात, स्वस्त असतात. पण नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवून ठेवले तर फुकट, बहुतेक जण तसंच घालतात आणि म्हणतात उपयोग नाही. हात धुवा, प्लग बोटांत गोल फिरवत बारीक सुरळी करा, घडी पडू देऊ नका. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा, सुरळी पट्कन आत सरकवा आणि बोटाने वीस-तीस सेकंद दाबून धरा, तोवर फोम आत फुगतो. नीट बसला असेल तर समोरून आरशात प्लगचं टोक बाहेर आलेलं फारसं दिसत नाही आणि तुमचाच आवाज जाड ऐकू येतो. काढताना हळूहळू पिळत काढा, झटका देऊ नका. वादकांना फोमने ताल कळत नसेल तर फिल्टरवाले म्युझिशियन प्लग येतात, त्यात सगळा आवाज सारखा खाली येतो, ताशाची तर्री (सलग झरझर वाजणारे ठोके) पण कळते आणि हात पण चुकत नाही, आमच्या पथकात आता बरेच जण तेच घालतात.